१:४०० ची विमानं: एनजी मॉडेल्स पुढे गेली ती साच्याच्या जोरावर

धावपट्टी_२७

मंडळी, धातूची छोटी प्रवासी विमानं जमवणाऱ्यांच्या कपाटांत गेल्या काही वर्षांत एकाच कंपनीचे डबे वाढत चाललेत: एनजी मॉडेल्स. त्यावर मराठीत कुठे नीट बोलणं झालेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली, खऱ्या विमानाच्या चारशेव्या भागाची मॉडेलं. बोइंग ७४७-४०० प्रत्यक्षात ७०.७ मीटर लांब, मॉडेल १७.७ सेंटिमीटर. ए३२० साडेनऊ सेंटिमीटरच्या आत. कुठल्या एअरलाइनचं, कुठल्या नोंदणी क्रमांकाचं, कुठल्या सालच्या रंगातलं, सगळं ठरलेलं. एका रंगाचे बहुतेकदा काहीशेच नग निघतात आणि संपले की संपले.

एनजी ही चिनी कंपनी २०१७-१८ च्या सुमारास आली. तेव्हा चारशे स्केलमध्ये लास वेगासची जेमिनी जेट्स होती, फिनिक्स होती, जेसी विंग्ज होती, जुन्या विमानांसाठी एरोक्लासिक्स होती. पाचशे स्केल जर्मनीच्या हेर्पाचं. बाजार भरलेला होता. तरी ही नवी कंपनी दोन-तीन वर्षांत अशी पुढे आली की आज नव्या महिन्याची यादी लागली की जुने संग्राहकही आधी तिचं पान उघडतात.

माझं मत स्पष्ट आहे: हे साच्यामुळे झालं. चारशे स्केलवर अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या विमानावर २० सेंटिमीटर. नाक तेवढं बोथट झालं तरी विमान ओळखू येतं, पण ते 'ते' विमान राहत नाही. जुन्या पिढीच्या बऱ्याच साच्यांत पंख आणि पोटाचा भाग एकच तुकडा असायचा आणि त्यावर धड बसवलेलं. त्याला क्रेडल पंख म्हणतात. धडाच्या दोन्ही बाजूंना त्या सांध्याची रेघ उठून दिसायची आणि नेमकी रंगाच्या पट्ट्यातून जायची. नव्या साच्यांत पंख वेगळे ओतून धडाच्या खाचेत बसवतात. सांधा पंखाच्या बुंध्याशीच राहतो, जिथे खऱ्या विमानातही जोड असतो.

एनजीनं सुरुवातीच्या विमानांत ७५७ आणि टुपोलेव टीयू-१५४ घेतली, तिथेच मला यांचा इरादा कळला. ७५७ चं नाक बाकीच्या बोइंगपेक्षा खाली झुकलेलं, धडाची रुंदी ७०७ आणि ७३७ चीच, आणि पाय असे उंच की उभं राहिलं की करकोचा वाटावा. हे तिन्ही एकत्र जमलं तरच ७५७ वाटतं. टीयू-१५४ त्याहून अवघड: तीन इंजिनं शेपटीकडे, पंख टोकाकडे किंचित खाली उतरलेले, मुख्य चाकांच्या दोन्ही जोडांवर सहा-सहा चाकं, आणि ती मिटून घ्यायला पंखांच्या मागच्या कडेला लांबट कोश. सोपं काही काढून पैसे कमवायचे असते तर कुणी टीयू-१५४ काढलं नसतं. पुढे ७३७ ची सगळी भावंडं आली, मग लॉकहीड ट्रायस्टार, आखूड ७४७एसपी, अगदी छोटं सीआरजेसुद्धा.

तुमची मतं लिहा. विरोधी असली तरी चालतील, पण विमान हातात धरून लिहा.

---

गिरगावकर

धागा काढल्याबद्दल आभार. मी तुमच्याहून बराच जुना. आमच्या लहानपणी मॅचबॉक्सची स्कायबस्टर्स असायची, १९७३ पासूनची. त्यात स्केल-बिल काही नव्हतं. जंबो आणि लढाऊ विमान एकाच मापाचं, कारण डबा एकाच मापाचा. नंतर कुणी युरोपातून आलं की शाबाकची १:६०० ची विमानं आणायचं. फोर्टात एअरलाइन्सच्या बुकिंग ऑफिसांच्या काचेत मोठाली फायबरची मॉडेलं ठेवलेली असत, ती बघायला आम्ही मुद्दाम चर्चगेटला उतरून चालत जायचो. विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणून जेमिनी जेट्सचं श्रेय कुणी काढून घेऊ नये. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चारशे स्केल घरोघर नेलं. आधी १:२०० परवडत नव्हतं आणि १:५०० डोळ्यांना पुरत नव्हतं. मधलं माप त्यांनी रुळवलं, म्हणून एनजीला तयार गिऱ्हाईक मिळालं.

तरी ट्रायस्टारबद्दल तुम्हाला पूर्ण अनुमोदन. ऐंशीच्या दशकात गल्फ एअरचे ट्रायस्टार सहारला यायचे आणि कोकणातली निम्मी माणसं त्यातूनच आखातात गेली. शेपटीतल्या मधल्या इंजिनाची हवा वरच्या तोंडातून शिरून इंग्रजी एस अक्षरासारखी वळत खाली जाते. त्या तोंडाचा गोलवा आणि त्याच्यामागे उठणारी शेपटी, हे नातं जमलं नाही तर तो डीसी-१० चा चुलतभाऊ दिसतो. एनजीचा ट्रायस्टार मी हातात घेतला तेव्हा आधी तोच भाग पाहिला. जमलाय.

---

ओतीव

माझा भांडुपला डाय कास्टिंगचा छोटा कारखाना आहे. आम्ही नळाचे भाग आणि कुलपांच्या बॉड्या काढतो, विमानं नाही. पण धातू तोच, म्हणून थोडं लिहितो.

या मॉडेलांत जो मिश्रधातू वापरतात त्याला झामॅक म्हणतात. जस्त मुख्य, साधारण चार टक्के अॅल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम, काही प्रकारांत तांबं. हा ३८५ अंशांच्या आसपास वितळतो. अॅल्युमिनियमला साडेसहाशेच्या पुढे जावं लागतं. कमी तापमानामुळे डाय, म्हणजे धातूचा साचा, लवकर खराब होत नाही, त्यातून लाखो शॉट (एक शॉट म्हणजे एकदाचं ओतणं) निघतात, आणि धातू पातळ असल्यामुळे बारीक नक्षीत नीट शिरतो. वजनही भरतं, घनता अॅल्युमिनियमच्या अडीच पटीच्या जवळ. हातात घेतल्यावर 'काहीतरी घेतलं' असं वाटतं ते यामुळे.

अडचण येते पंखात. पंख बुंध्याशी जाड, टोकाला पातळ, आणि मागची कड तर खऱ्या विमानात सुरीच्या धारेसारखी. पातळ भागात धातू पोचायच्या आत गोठतो. दोन बाजूंनी आलेले प्रवाह मिळतात पण एकजीव होत नाहीत, त्याला आमच्याकडे कोल्ड शट म्हणतात. वरून बघितलं तर केसासारखी रेघ दिसते आणि तिथेच पंख मोडतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे पंख जाड करणं. जुन्या मॉडेलांचे पंख जाडे दिसतात त्याचं कारण हेच, कारागिराला विमान माहीत नव्हतं म्हणून नव्हे. पातळ पंख काढायचा तर गेट, म्हणजे धातू आत शिरायचं तोंड, कुठे द्यायचं, हवा कुठून बाहेर काढायची, डायचं तापमान कुठल्या भागात किती ठेवायचं, हे सगळं नव्यानं बसवावं लागतं. डाय बनवणाऱ्यानं तिथे वेळ घातला की तो वेळ मॉडेलच्या पंखात दिसतो.

दुसरं, डायमधून तुकडा सुटायला प्रत्येक उभ्या भिंतीला एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो, ड्राफ्ट म्हणतात. धड गोल असतं म्हणून तिथे चालून जातं. शेपटीचा उभा पंख आणि इंजिनाचा खांब, इथे ड्राफ्ट लपवणं हे खरं कसब.

धावपट्टीदादा, तुम्ही साच्याला श्रेय देता ते मला पटतं. फक्त एक जोडतो: साच्याचा खर्च एकदाच होतो आणि तो मोठा असतो. ७३७-८०० चा साचा शेकडो एअरलाइन्सच्या रंगांत वापरता येतो, वसूल होतो. टीयू-१५४ चे रंग मोजकेच. तिथे पैसे घालणाऱ्याला विमानाबद्दल काहीतरी वाटत असणार, नाहीतर हिशेबवह्या बघणाऱ्यानं ते होऊच दिलं नसतं.

---

झरोका

सगळे साच्यावर बोलताय, मी रंगावर बोलते. व्यवसायानं मी छपाईतली, त्यामुळे माझी नजर तिथेच जाते.

एअर इंडियाचं जंबो आठवा. १९७१ मध्ये पहिलं 'एम्परर अशोक' आलं तेव्हा प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात राजवाड्याचा झरोका काढलेला होता. आकाशातला महाल अशी जाहिरातच होती. आता चारशे स्केलवर ती खिडकी जेमतेम एक मिलिमीटर उंच. तिच्याभोवती कमान, कमानीला वरचं टोक, आणि असे झरोके शेपटीपर्यंत रांगेत. माझ्याकडे ७४७-४०० आहे, त्यावर दहा पट भिंग धरलं की दिसतं: पुढच्या भागातल्या कमानी सुबक, पण जिथे धड नाकाकडे वळतं तिथे कमानीची डावी बाजू उजवीपेक्षा किंचित जाड झालेली. रंग घसरला नाहीये, ठसा उमटवणारं रबर घसरलंय.

टॅम्पो छपाई अशी होते. धातूच्या सपाट पट्टीवर नक्षी कोरतात, त्यात शाई भरतात, वरची पुसतात. सिलिकॉनचा मऊ गोळा ती शाई उचलतो आणि मॉडेलवर दाबतो. एका वेळी एकच रंग. लाल, सोनेरी, खिडक्यांचा करडा, दाराची रेघ, नाव, नोंदणी क्रमांक, प्रत्येकासाठी वेगळी पट्टी आणि वेगळा ठसा, आणि प्रत्येक ठसा आधीच्यावर नेमका बसायला हवा. वक्र पृष्ठभागावर गोळा दाबला की पसरतो, नक्षीही पसरते. म्हणून कोरतानाच नक्षी उलट दिशेनं थोडी आवळून काढावी लागते. किती आवळायची हे नाकाच्या आकारावर अवलंबून.

म्हणजे साचा बदलला की छपाईच्या सगळ्या पट्ट्या नव्यानं कोरायच्या. धावपट्टी, तुमच्या म्हणण्याला माझा विरोध नाही, पण साचा आणि छपाई वेगळी करता येत नाही. एनजीचं मला आवडतं ते हे की नवा साचा काढताना ते बारीक मजकूरही सोडत नाहीत. दारावरच्या सूचना, इंजिनावरची धोक्याची खूण, सगळं भिंगाखाली वाचता येण्याजोगं.

आणि अँटेना! त्याच विमानाच्या दोन नोंदणी क्रमांकांवर उपग्रहाचे घुमट वेगळ्या जागी असतात, कुणावर एक, कुणावर दोन, कुणावर नाहीच. पूर्वी एकदा ठरवलं की सगळ्यांवर तेच लावून द्यायचे. आता संग्राहक फोटो काढून पडताळतात आणि कंपन्यांना त्याची दखल घ्यावी लागते.

---

धावपट्टी_२७

झरोका, तुमचा मुद्दा मान्य, आणि कमानीचं निरीक्षण जबरदस्त आहे. अँटेनाच्या बरोबरीनं मी इंजिन धरतो. ७५७ ला रोल्स-रॉइस किंवा प्रॅट अँड व्हिटनी, दोन्ही चालायची आणि दोघांचं आवरण अगदी वेगळं दिसतं. आपल्या इंडिगोचंच घ्या: सुरुवातीच्या ए३२० निओंना प्रॅटची इंजिनं, नंतरच्यांना सीएफएम कंपनीची लीप इंजिनं. नोंदणी क्रमांक एकाचा आणि इंजिन दुसऱ्याचं लावलं तर कितीही सुंदर छापलेलं असो, मी घेणार नाही. जी कंपनी एका विमानासाठी इंजिनांचे दोन वेगळे साचे काढते तिच्यावर माझा विश्वास बसतो.

---

दोनशेवाला

मी १:२०० जमवतो, म्हणून बाहेरच्या माणसाचं मत समजा. चारशेवाले साच्यातल्या अर्ध्या मिलिमीटरवर भांडतात, पण दोनशेमध्ये ७४७ पस्तीस सेंटिमीटर भरतं. तिथे पंखांच्या झडपा, चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, सगळं कोरता येतं. जे खरोखर बघायचंय ते मोठ्या मापातच दिसतं.

---

गिरगावकर

दोनशेवाले, खरं आहे, पण मुंबईतल्या घरात ते ठेवायचं कुठे ते सांगा. आमच्या चाळीतल्या खोलीत एका काचेच्या कपाटात चारशेचा अख्खा विमानतळ मावतो. दोनशेची चार जंबो ठेवली की कपाट संपलं. शिवाय चारशेत ए३२०, एटीआर आणि ७७७ शेजारी ठेवले की कोण केवढं हे एका नजरेत कळतं. एटीआर-७२ जेमतेम पावणेसात सेंटिमीटर, ७७७-३००ईआर साडेअठरा. धावपट्टीच्या कडेला उभं राहून जे दिसतं तेच.

---

नवा_भिडू

छान धागा. मी जरीमरीला जाऊन विमानं बघतो, फोटो काढतो. कुर्ला-अंधेरी रस्त्यावर डोक्यावरून उतरतात तिथे. मॉडेल अजून एकही घेतलेलं नाही. पहिलं कुठलं घ्यावं? आणि इथे एवढी महाग का पडतात? परदेशी दुकानांच्या पानांवर पन्नास डॉलरच्या आसपास दिसतात, हाती पडेपर्यंत आकडा कुठल्या कुठे जातो.

---

जकातनाका

नवा_भिडू, कस्टम क्लिअरन्सच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे हे मी सांगतो.

शुल्काच्या यादीत ९५०३ या शीर्षकाखाली खेळणी येतात आणि त्यातच लहान मापातली स्केल मॉडेलंही मोजतात. २०२० च्या अर्थसंकल्पात या मालावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर बाकीचे कर वेगळे. टपालखर्चही किमतीत धरून शुल्क लागतं, हे बरेच जण विसरतात. एक विमान मागवलं तर टपालखर्च एकट्यावर पडतो, म्हणून लोक चार-पाच जण मिळून मागवतात.

दुसरा भाग दर्जाच्या नियमांचा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. तो नियम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. या मॉडेलांच्या डब्यावर 'हे खेळणं नाही, प्रौढ संग्राहकांसाठी' असं छापलेलं असतं ते बघून घ्या. पार्सलबरोबर खरं बिल हवं, वर्णनात 'संग्रहासाठीचं स्केल मॉडेल' लिहिलेलं हवं. किंमत कमी दाखवायला विक्रेत्याला कधीही सांगू नका. माल अडकला की सोडवायला कागद लागतात आणि खोटा कागद असला की तुमच्या बाजूनं बोलायला काही उरत नाही.

धोरण म्हणून माझं मत विचाराल तर देशी खेळणी उद्योगाला संरक्षण हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण चारशे स्केलची विमानं इथे त्या दर्जाची बनतच नाहीत. संरक्षण कुणाचं होतंय याचा विचार शीर्षक वेगळं करून व्हायला हवा.

---

ओतीव

जकातनाका, इथे बनत नाहीत हे दुर्दैवानं खरं. डाय बनवणारे हात आपल्याकडे आहेत, वसई आणि पुण्याकडे उत्तम टूलरूम (डाय घडवायचे कारखाने) आहेत. पण या मालाला एकाच छताखाली डाय, ओतकाम, घासाई, रंग, टॅम्पो आणि जोडणी लागते, आणि तीही काहीशे नगांच्या छोट्या फेऱ्यांत. आमच्यासारख्याला गिऱ्हाईक पन्नास हजार नगांची ऑर्डर देतं तेव्हा भट्टी पेटते. चीनमध्ये या एका छंदाभोवती कारागिरांची पिढी तयार झाली. डायचे दोन अर्धे मिळतात तिथे जी पापुद्री उरते ती घासायला बसणारी माणसंसुद्धा विमान ओळखतात. जेमिनीची बरीच विमानं जेसी विंग्जच्या साच्यांतून निघतात, म्हणजे डबा एकाचा आणि हात दुसऱ्याचे. एनजी, पांडा, एव्हिएशन४०० यांच्यासारख्यांनी स्वतःच्या नावानं बाजारात यायचं ठरवलं. कारागीर मालक झाला की फरक पडतो, हे मी धंद्यात पाहिलंय.

---

साकीनाका_लोकल

सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक तक्रार. गेल्या वर्षी घेतलेल्या एका मॉडेलची (कंपनीचं नाव घेत नाही) पुढची चाकं वाकडी बसवलेली निघाली. विमान डावीकडे झुकून उभं. विक्रेत्याला फोटो पाठवले तर 'छोट्या मालात एवढं चालतं' असं उत्तर आलं. पाच हजारांच्या वस्तूत एवढं का चालावं? साचा अचूक आहे म्हणून जोडणीतल्या चुका पोटात घालायच्या असं होऊ नये. चारशे स्केलची किंमत वीस वर्षांत दुपटीवर गेली, त्या मानानं तपासणी वाढली नाही.

---

झरोका

साकीनाका, पूर्ण सहमत. घेताना करायच्या तपासण्या सांगते. आरशावर ठेवा, म्हणजे खालची बाजूही दिसते आणि एखादं चाक उचललेलं असेल तर लगेच कळतं. समोरून डोळा विमानाच्या पातळीवर आणा, दोन्ही पंखांची टोकं एका उंचीवर हवीत. खिडक्यांची रांग दाराजवळ तुटते का बघा. विक्रेत्याकडून खऱ्या नगाचे फोटो मागा, कंपनीच्या जाहिरातीतले नकोत. चांगला विक्रेता देतो.

---

धावपट्टी_२७

नवा_भिडूच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पहिलं विमान ते घ्यावं ज्यातून तुम्ही स्वतः बसलात किंवा जे जरीमरीला रोज डोक्यावरून जातं. एनजीचं ७३७-८०० घ्या, रंग तुम्हाला हवा तो. या आकाराचं विमान नीट बघायला शिकलात की पुढचं सगळं सोपं जातं. नाकाखालची रेघ, कॉकपिटच्या काचांचा कोन, इंजिनाचा तळ चपटा आहे की गोल. खऱ्या ७३७ च्या इंजिनाचं तोंड खालून चपटं असतं कारण विमान जमिनीला जवळ आहे. मॉडेलमध्ये ते गोल निघालं तर ठेवून द्या.

---

गिरगावकर

७३७-८०० म्हटल्यावर जेट एअरवेज आठवणारच. ५ मे १९९३ ला सुरू झाली, १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला येणारं शेवटचं उड्डाण. गडद निळं, सोनेरी सूर्य. माझा मुलगा तिथे ग्राउंड स्टाफमध्ये होता. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये, विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. मुंबईच्या आकाशातून एवढे रंग गेले. कंपनी बंद पडली की पहिल्या महिन्यात विमानांवरचं नाव पुसतात. विमान भाड्यानं देणाऱ्यांना आपलं विमान परत हवं असतं, तेही बरोबरच. मग ते रंग कुठे बघायचे? माझ्या घरी मुलगा आला की निळं विमान कपाटातून काढून देतो. तो काही बोलत नाही, दारावरच्या खुणा नीट आहेत का एवढं बघतो आणि ठेवतो.

---

नवा_भिडू

काका, धन्यवाद हे लिहिल्याबद्दल. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं शेवटचं ७४७ मुंबईहून गेलं, व्हीटी-ईव्हीए, नाव 'आग्रा'. अमेरिकेत सुटे भाग काढायला नेलं. उड्डाणानंतर वैमानिकानं दोन्ही बाजूंना पंख हलवून निरोप दिला तो व्हिडिओ मी कितीदा पाहिलाय. तेव्हा विमानावर एअर इंडियाचं नाव उरलं नव्हतं, झरोके मात्र होते. मॉडेल घ्यायचंच तर ते घ्यावं असं आता वाटतंय.

---

झरोका

घे. पण नाक नीट बघून.

---

जकातनाका

एक गोष्ट सगळ्यांसाठी, मुंबईच्या हवेबद्दल. जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की वाळवा. रबरी टायर काचेला चिकटून राहतात, काढताना निघून येतात. खाली पातळ पारदर्शक पट्टी ठेवावी.

---

ओतीव

त्याला जोडून जस्ताच्या रोगाबद्दल. मिश्रधातूत शिसं, कॅडमियम किंवा कथील अशुद्धी म्हणून राहिलं की वर्षांनी धातू आतून फुगतो, तडे जातात, पंख भुगा होऊन पडतो. दमट हवेत हे लवकर होतं, पण कारण हवा नसते, ओतताना वापरलेला धातू असतो. शुद्ध जस्त वापरलं तर होत नाही. महायुद्धापूर्वीच्या खेळण्यांत हे फार सापडतं. आजच्या चांगल्या कंपन्यांच्या मालात मला दिसलेलं नाही. जुनं मॉडेल विकत घेताना रंगाखाली फुगवटे किंवा सरळ असायला हवा तिथे वाक दिसला तर घेऊ नका, ते थांबवता येत नाही.

---

दोनशेवाला

शेवटी विचारतो, एनजीनं किंवा कुणीही आपल्यासाठी काय काढावं?

---

गिरगावकर

दमानियाचं ७३७-२००. ईस्ट वेस्टचंही. नव्वदच्या सुरुवातीला खासगी एअरलाइन म्हणजे काय हे मुंबईनं त्यांच्याकडून पाहिलं. आणि एअर इंडियाचं सुपर कॉन्स्टेलेशन, साच्यात काही कमी न ठेवलेलं.

---

साकीनाका_लोकल

माझ्याकडून टीयू-१५४. इंडियन एअरलाइन्सनं वैमानिकांच्या संपाच्या काळात उझबेकिस्तानकडून भाड्यानं आणलं होतं. ९ जानेवारी १९९३ ला दिल्लीत धुक्यात उतरताना उलटलं आणि आतले सगळे १६५ जण वाचले. साचा एनजीकडे आहेच, फक्त रंग हवा.

---

धावपट्टी_२७

मी ए३०० मागेन, १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सनं आणलेलं, नारिंगी शेपटीचं. मुंबई-दिल्ली मार्गावर मोठं दोन इंजिनी विमान म्हणजे काय ते लोकांना त्यातून कळलं. हिशेबाच्या बाजूनंही पटवता येईल: एअर फ्रान्स, लुफ्तान्सा, थाई, पीआयए, ईस्टर्न, सगळ्यांकडे ए३०० होती, रंगांची कमी नाही. धडाची रुंदी ५.६४ मीटर, म्हणजे मॉडेलवर १४.१ मिलिमीटर. नाकाचा उतार आणि शेपटीकडे वर चढणारं पोट, दोन जागा सांभाळल्या की झालं. कुणाकडे त्या काळातले बाजूनं काढलेले फोटो असतील तर इथे टाका. नोंदणी क्रमांक, दारांवरच्या खुणा आणि अँटेना यांची यादी करून मी कंपन्यांना पाठवतो. झरोका, रंगांच्या छटा तुम्ही लिहून द्याल का?

---

झरोका

देते. शेपटीचा नारिंगी जुन्या फोटोंत फार वेगवेगळा दिसतो, फिल्ममुळे. शक्य तर हँगरमध्ये सावलीत काढलेले फोटो शोधा.

---

गिरगावकर

माझ्याकडे सांताक्रूझच्या गॅलरीतून काढलेले आहेत, कृष्णधवल. रंगासाठी उपयोग नाही, पण नाक आणि दारं स्पष्ट आहेत. रविवारी स्कॅन करून टाकतो.